सातही कप्पे

"मास्तर, हा पांढरा आहे?" गॅरेजच्या मालकांनी नुकतं रंगवलेलं गाडीचं दार उन्हात गाडीलाच टेकवून उभं केलं.

बाबांनी डोळे किलकिले केले. "पांढराच आहे की. उलट तुमची गाडीच पिवळी पडलीय."

"दाराला नीळ घातली वाटतं धुताना!" पॉलिशवाला म्हणाला आणि दोघंतिघं हसले.

बाबांचा घरी विसरलेला डबा द्यायला मी आले होते. पिशवी हातातच राहिली. दार निळसर होतं, ते मलाही दिसत होतं. एकतीस वर्षं बाबा इथे गाड्यांचे रंग जुळवत होते. पांढरा तर ते नमुना न बघता, आठवणीतून बनवत.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पुढे होऊन म्हटलं, "माफ करा काका. वय झालंय हो त्यांचं."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. इतरांच्या हसण्याने जे झालं नव्हतं ते माझ्या एका वाक्याने झालं. त्यांनी हातातली रंग ढवळायची पट्टी रंगाच्या डब्यावर आडवी ठेवली आणि हात पुसायला लागले.

"पांढरा उद्यापासून दुसऱ्याकडे देतो," मालक हळू आवाजात म्हणाले. "आज घरी जा, मास्तर."

रस्त्यात बाबा भिंतीला टेकून थांबले.

"काय होतंय?"

"काही नाही गं, मळमळतंय. आठ दिवस झाले, दूध काय, भिंत काय, सगळं हळदीच्या पाण्यात बुचकळल्यासारखं दिसतंय. तू हसशील म्हणून बोललो नाही."

मी त्यांची नाडी धरली. मिनिटाला बेचाळीस, आणि मधूनच एक ठोका गळत होता.

बाबांच्या हृदयाची गोळी ज्या झाडापासून बनते, त्या डिजिटॅलिसवर मी फार्मसीच्या परीक्षेत दोन पानं लिहिली होती. घंटेसारखी जांभळी फुलं, पानांत स्टेरॉइडं, कण्हेरीच्या विषाची भाऊबंद. ती हृदयाच्या पेशीतला सोडियमचा पंप अडवतात, आत कॅल्शियम वाढतं, आणि थकलेलं हृदय सावकाश पण जोराने ठोके देऊ लागतं. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. म्हातारपणी मूत्रपिंडं मंदावली की औषध अंगात साचत जातं. मग मळमळ, मंद नाडी, पिवळी दृष्टी. पिवळी दृष्टी हे शब्द मी अधोरेखित केले होते.

बाबा ती गोळी आठवड्यातून पाचच दिवस घेत. गोळ्यांच्या डबीतले शनिवार-रविवारचे कप्पे रिकामे असत. महिन्यापूर्वी ते पाहून मी चिडले होते.

"औषधाला कसली सुट्टी, बाबा? आळस आहे नुसता."

"अगं, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय..."

"त्या असं सांगणारच नाहीत."

चिठ्ठी काढून बघावी, एवढंही मला सुचलं नाही. तेव्हापासून दर आठवड्याला मी सातही कप्पे भरत होते, आणि शिकलेली मुलगी म्हणतेय म्हणून बाबा निमूटपणे गोळ्या घेत होते.

तिथूनच मी त्यांना दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावून काढलेली ईसीजीची पट्टी डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचली.

"काका, आठवड्यातून दोन दिवस गोळी बंद, असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं ना? रोज घ्यायला कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं.

"कोणी नाही. मीच घेतल्या," बाबा म्हणाले. "म्हटलं, लवकर बरं वाटेल. चुकलं, बाई."

"अहो, औषध आहे की खाऊ? हृदय बंद पडलं असतं!" त्या बराच वेळ बोलल्या. बाबा शाळेतल्या मुलासारखी मान हलवत होते. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेल्या दिसता. वडिलांकडे लक्ष देत जा जरा. ही माणसं आपल्या मनानेच डॉक्टर होतात."

"हो," मी म्हटलं.

त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. बाबांनी पाय आखडून खाटेच्या कडेला थोडी जागा केली.

"बस," ते म्हणाले. "मघापासून उभी आहेस."

मी उभीच राहिले.