दोनशे दिवसांची बर्फी

कागदावरचा तो बर्फीचा तुकडा… संत्र्याची, वर चांदीचा वर्ख, आणि वर्खावर वाटणाऱ्याच्या बोटाचा अख्खा ठसा. श्रीधरला किळस आली. एक घास तर खाऊनही झाला होता. तो दाढेमागे चिकटून बसला होता, जिभेनं कितीही टोकरला तरी निघेना.

हिंगण्याच्या त्या कारखान्यात विनाअपघात दोनशे दिवस भरले की बर्फी वाटायची, ही तिथली रीतच. फाटकाजवळच्या फळ्यावर आज खडूनं दोनशे लिहिलं होतं. मंगळवारी एकशे सत्त्याण्णव होते – त्याच दिवशी सुरक्षेची जाळी काढलेल्या, पत्रा दाबायच्या प्रेसखाली कामगार धोंडबाची दोन बोटं गेली… फळ्याचं काय, तो मोजतच राहिला.

आणि हे कोणामुळे? या शहाण्या कारकुनामुळेच, श्रीधरमुळेच! मॅनेजरनं नुसतं विचारलं, तुमचं इंग्रजी पक्कं, अ‍ॅक्सिडेंट आणि इन्सिडेंट यांत फरक काय हो? झालं, हा फुशारला. अ‍ॅक्सिडेंटमध्ये कोणाला इजा होते, काही नुकसान होतं. इन्सिडेंट म्हणजे घडलं ते काहीही – तेल सांडलं तरी इन्सिडेंट, दिवे गेले तरी इन्सिडेंट… वर दोन-दोन वाक्यंही करून दाखवली, वर्गात पहिला आल्यासारखी. मॅनेजरनं शांतपणे दुसरा शब्द उचलला आणि अहवाल याच्याकडूनच टाइप करून घेतला. इन्सिडेंट म्हटल्यावर चौकशी नाही, प्रेस बंद नाही, जाळीही नाही.

ऑफिसच्या दारात धोंडबाची बायको गोपिका उभी होती, रजेचा कागद न्यायला आलेली. उद्यापासून तिच्या दिराला, रोहितला, त्याच प्रेसवर लावणार होते, हे तिनं खाली बघत सांगितलं.

"साहेब, कागदावर अपघातच लिवला ना जी? मंग जाळी लावतीन ते."

सांगून टाक, श्रीधर… आत्ता सांग… दाढेमागचा गोडवा घशात उतरला.

"त्या घटनेची नोंद केली आहे," तो म्हणाला.

घटना! इथं मॅनेजर नव्हता, कोणाचा धाक नव्हता. तरी तोच शब्द निघाला, मराठीतसुद्धा, अगदी गुळगुळीत. तीन दिवस मी त्या माणसाची शिसारी बाळगली, आणि तो तर इथं, माझ्याच तोंडात…

"लिवलं न, झालं मंग," गोपिका म्हणाली. तिचा चेहरा खरोखरच सैल झाला. धोंडबाच्या नावाचा बर्फीचा डबा पदराखाली घेऊन ती निघून गेली.

खाली प्रेसचा ठोका पडला. मग दुसरा. आपण ठोके मोजतो आहोत हे श्रीधरच्या उशिरा लक्षात आलं – मधलं अंतर जरा वाढलं की श्वास अडकत होता, आणि टेबलाखाली त्यानं स्वतःची बोटं मुठीत गच्च लपवली होती…