वावरात पुरलेले ड्रम

भुजंगराव अंबडच्या ऑफिसात आले आणि खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी दार लावून घेतलं.

"म्याडम, वकिलाला सांगितलेलं बाहेर जात न्हाई ना?"

ॲडव्होकेट ज्योत्स्ना खरात यांच्याकडे कारखानदार यायचे प्रदूषण मंडळाच्या परवानग्यांसाठी, आणि जमीनमालक यायचे कारखान्यांना जागा भाड्यानं द्यायच्या करारांसाठी. असा प्रश्न त्यांना नवा नव्हता.

"नाही जात. बोला."

"त्या ड्रमवाल्यानं वावरात ड्रम पुरले. आम्ही सगळे लग्नाला पिंपळगावला गेल्तो, तव्हा पोकलेन लावून पुरले. आता त्याचा फोन बंद हाय."

"किती ड्रम?"

"साठ तरी आसतील. रिकामे न्हाईत. रंगाच्या कारखान्यातला गाळ हाय म्हणून राह्यले लोक."

वडीगोद्रीच्या अलीकडची भुजंगरावांची ती दोन एकर जागा वर्षापूर्वी भाड्यानं गेली, तेव्हा करार ज्योत्स्नाताईंनीच केला होता. जुने ड्रम धुऊन विकायचे, असं त्या ड्रमवाल्यानं सांगितलं होतं. त्याच्याकडची परवानगी दुसऱ्याच जागेची होती. "इथली नवी परवानगी निघाल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका," असं त्यांनी भुजंगरावांना सांगितलं होतं. पण ते फक्त तोंडी. करारात ते कुठंच नव्हतं. त्या दिवशी त्यांची कोर्टात तारीख होती, भुजंगरावांनाही जल्दी होती. जागा तर ज्योत्स्नाताईंनी पाहिलीच नव्हती.

"वर माती टाकून तूर पेरतो अन् इकून टाकतो," भुजंगराव म्हणाले. "तुम्ही फक्त कागद बराबर करून द्या."

"आधी जागा पाहते."

त्याच दुपारी ज्योत्स्नाताई भुजंगरावांच्या गाडीतून निघाल्या. घर शेतातच होतं. द्वारकाबाईंनी, म्हणजे भुजंगरावांच्या बायकोनं, आग्रहानं बसवून चहा दिला. सून शीतल सातव्या महिन्यात होती. तिचा नवरा पुण्याला कंपनीत होता. चहा संपल्यावर ज्योत्स्नाताईंनी माठातलं तांब्याभर पाणीही मागून घेतलं. ऊन फार होतं.

मग भुजंगराव त्यांना घरामागच्या उतारावर घेऊन गेले. एका पट्ट्यात जमीन खचली होती. भेगांच्या कडेला हळदीसारखा पिवळा थर धरला होता. त्यावर पाय पडला तेव्हा चप्पल चिकटली. डोळे चुरचुरायला लागले. उताराच्या खालच्या अंगाला, शंभर पावलांवर, विहीर होती. तिच्याही खाली वस्तीचा हातपंप दिसत होता.

"ही विहीर कोणाची?"

"आमचीच. घरचं पाणी हितलंच."

ज्योत्स्नाताईंना तो तांब्या आठवला. जिभेवर काहीतरी कडवट आल्यासारखं वाटलं. खरंच आलं की भीतीनं, ते त्यांना कळेना.

"घरी सांगितलंत?"

"न्हाई. सून दोन जिवांची. उगंच घाबरंल."

"आणि तुम्ही? तुम्ही पिता हे पाणी?"

भुजंगराव विहिरीकडं पाहत म्हणाले, "मी इकतच्या पाण्याचा जार आणून ठेवलाय. मोटरीच्या खोलीत."

"कधीपासून?"

"पंधरा दिवस झाले."

ज्योत्स्नाताई दोन पावलं मागं सरल्या. समोर उभा असलेला साठीचा माणूस, ज्याला आपण चांगलं ओळखतो असं त्या समजत होत्या, त्याची आता त्यांना भीती वाटायला लागली.

"घरात जार नेला तर इचारतील ना," तो हळूच म्हणाला. "मंग गावात कळंल, जमीन कोण घेईल? अन् म्याडम, बाहेर जात न्हाई म्हणून तुम्हीच बोलल्या. करारबी तुमच्याच हातचा हाय."

आवाज धमकीचा नव्हता. विनवणीचा होता, आणि म्हणूनच जास्त घाबरवणारा होता. गप्प राहिलं तर आपण कायद्याच्या बाजूनं राहू, आपली चूकही झाकली जाईल, हे ज्योत्स्नाताईंना लख्ख दिसलं. घराकडं परतताना त्यांच्या मनात तेवढंच चाललं होतं.

ओट्यावर शीतलनं माठातून पेला भरला आणि तोंडाला लावला.

"पिऊ नको!"

ज्योत्स्नाताईंनी तिचा हात धरला होता. पेला खाली पडला. द्वारकाबाई चुलीपासून उठून आल्या.

"काय झालं, ताई?"

ज्योत्स्नाताई भुजंगरावांकडं वळल्या. "तुम्हीच सांगा." ते ओट्याच्या कडेला बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं, जारासकट.

द्वारकाबाई ओरडल्या नाहीत. त्या मोटरीच्या खोलीत गेल्या, जार कमरेवर घेऊन आल्या आणि शीतलपुढं ठेवला. नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवस तुम्ही माझ्या हातची भाकर खाल्ली, अन् पाणी चोरून पेले?"

त्या संध्याकाळी भुजंगरावांच्या सहीनं प्रदूषण मंडळाला अर्ज गेला. ज्योत्स्नाताईंनी दुसरा कागद स्वतःच्या सहीचा जोडला: आपण काय तोंडी सांगितलं होतं, आणि काय लिहायचं राहिलं. वस्तीचा हातपंप दुसऱ्या दिवशी बंद केला गेला आणि टँकर सुरू झाला.

अहवाल यायला एकोणीस दिवस लागले. तोवर पोटात जरा दुखलं तरी ज्योत्स्नाताई दचकायच्या. आणि शीतल तर ते पाणी रोज पीत आली होती. अहवालात विहिरीत क्रोमियम हा विषारी धातू मर्यादेच्या कितीतरी पट निघाला. हातपंपात अजून नव्हतं. ड्रमवाल्याला आणि भुजंगरावांना, दोघांनाही नोटीस आली. भुजंगराव मुकाट्यानं ती घेऊन ज्योत्स्नाताईंकडं आले. "माझा तो कागद तुमच्याविरुद्धही जातो, दुसरा वकील बघा," असं ज्योत्स्नाताईंनी सांगितलं तेव्हा भुजंगरावांनी मान हलवली.

शीतलला मुलगी झाली. वजन सव्वादोन किलो. डॉक्टर म्हणाले, सध्या ठीक आहे, पुढं पाहू.

महिन्याभरानं सकाळी द्वारकाबाईंचा फोन आला.

"ताई, पोरगी दूध घेऊन न्हाई राह्यली कालपासून. पाण्याचंच आसंल का वो?"

पलीकडं बाळाचं किरकिरणं ऐकू येत होतं.

"मला माहीत नाही, मावशी," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "तिला अंबडला घेऊन या. मी दवाखान्याच्या दारात थांबते."