दुसरा रिपोर्ट

अनुष्काने गाल पुढे केला तशी धम्मदीपाने तिच्या तोंडात वरणभाताचा घास सारला आणि मान वळवली. लेक हिरमुसली. समोर मेथी निवडत बसलेल्या गोजराबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"लेकराचा मुका घ्यायचा बी सोडलास व्हय? आई हायेस का भाड्यानं आणलीया?"

सासूबाईंना काय सांगणार? दुसऱ्या बाळाआधी सगळं तपासून घेऊ म्हणून तिने हौसेने रक्त दिलं होतं. पॅकेजमध्ये हर्पीसचीही चाचणी होती. त्या चाचणीपुढे ठळक छापून आलं, पॉझिटिव्ह. शरीरसंबंधातून होणारा, जन्मभर न जाणारा आजार. तिच्या आयुष्यात अभयशिवाय कुणी नव्हतं. तरी तिने सिझरच्या वेळच्या सुयांवर संशय घेतला, भावाच्या लग्नातल्या हॉलच्या बाथरूमवर घेतला, स्वतःच्या नशिबावर घेतला. अभयवर तेवढा घेतला नाही.

कसा घेणार? रिपोर्ट दाखवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला. पण तो ओरडला नाही, तिला माहेरी धाडलं नाही. आईला कळू देऊ नको, एवढंच म्हणाला. तेव्हापासून उरवड्याच्या कंपनीतून आला की लेकीला तोच झोपवायचा, सकाळचा चहाही तोच करायचा. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस आपल्याला मिळाला, म्हणून ती बाथरूमचा नळ सोडून रडायची.

भूगावच्या डॉक्टर कल्पना मॅडमनी तो रिपोर्ट बघून आधी तिला पाणी दिलं होतं. आकडा मर्यादेच्या जेमतेम वर आहे, त्रास कधी काही झालेला नाही. एवढ्या कमी आकड्याला ही तपासणी पुष्कळदा चुकते, असं त्या म्हणाल्या होत्या. ओठांवर फोड आणणारा साधा विषाणू असतो, त्यालाही ती कधीकधी फसते. त्यांनी दुसऱ्या पद्धतीने पुन्हा तपासायला लावलं.

आज तो दुसरा रिपोर्ट आला होता. निगेटिव्ह.

"तुम्हाला हे नाहीच. पहिला निकाल चुकीचा होता," मॅडम म्हणाल्या. "लेकीला खुशाल जवळ घ्या. घरी फार वाद झाले का? इथे तर नवरे भांडत येतात, कुठून आणलंस म्हणून."

"नाही हो मॅडम. ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग फाइल मिटून तिच्या हातात दिली.

"बरं," एवढंच म्हणाल्या.

खाली अभय गाडीजवळ उभा होता. रिपोर्ट त्याने दोनदा वाचला, आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसकण मारली.

"मला वाटलं, माझ्यामुळंच तुला..."

तो उठून हेल्मेट पुसायला लागला. जाताना पेढे घेऊ, आईला काहीतरी सांगू, असं भराभर बोलत राहिला.

धम्मदीपा मागे बसली. त्याच्या खांद्याला न धरता तिने मागची दांडी धरली. गाडी वळणापाशी आली तेव्हा ती शांतपणे म्हणाली,

"ती उरवड्याच्या कंपनीतलीच आहे का?"

गाडीचा वेग कमी झाला. कोण, असं त्याने विचारलं नाही.