मूळ उकरून बघणारे लोक

झाड जिवंत आहे की नाही हे ते उपटून बघणारी माणसं साखराबाईंनी माहेरी कधी पाहिली नव्हती. ती बघायला मिळाली लग्नानंतर, जालन्यात. आणि त्यांतला एक आपलाच नवरा निघावा, यालाच नशीब म्हणायचं.

राधाकिसनराव कापसाच्या जिनात कारकून होते आणि बागशौकीन अंजुमनचे सभासद. अंजुमनमध्ये सगळी मिळून अकरा डोकी; केदारखेड्याचे पुंजाराम पाटील अध्यक्ष. एका पावसाळ्यात येऊन मरणारं झाड ही मंडळी झाड मानतच नसत. वरून वाळून जातं आणि दरसाल मुळातून परत फुटतं, तेच खरं. अशा झाडानं तीन उन्हाळे काढायचे. तिसऱ्या उन्हाळ्यात होळीपासून त्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही, आणि मृगाच्या आधी सगळ्यांनी जाऊन ते मुळासकट काढायचं, धुवायचं, चाकूनं चीर पाडून आत ओल आहे का बघायचं. मूळ हातोहात फिरे, जो तो हुंगून बघे. मग नोंदवहीत 'जिवंत' असं लिहून ते परत पुरत. पंधरा दिवसांत झाड मरून जाई. भुजंगरावांचा निशिगंध असाच गेला, खुद्द पाटलांची शेवंती गेली. वहीत मात्र दोन्ही अजून ठणठणीत होती.

यंदा राधाकिसनरावांना अंजुमनचं मोतमद, म्हणजे चिटणीस व्हायचं होतं. त्यासाठी वहीत निदान एक झाड हवं. त्यांचे हैदराबादेहून आणलेले गुलाब तर पहिल्याच वैशाखात वाळले होते. होळीच्या आदल्या दिवशी ते अंगणाच्या कोपऱ्यात, लिंबाजवळ येऊन उभे राहिले.

"ही गुलबक्षी नोंदवून टाकतो. तिसरा उन्हाळा हाय ना हिचा?"

"ती माझी हाय," साखराबाई म्हणाल्या.

"घरातलीच हाय ना? मंग झालं!"

गुलबक्षी माहेरची होती. घनसावंगीला आई शेवटची भेटली तेव्हा तिनं ते काळं मूळ ओल्या फडक्यात बांधून दिलं होतं. एकाच फुलावर अर्धा पिवळा, अर्धा लाल रंग. बी पेरलं की नुसती लाल निघे. तो रंग त्या मुळाचाच. त्याच वर्षी आई गेली आणि भावानं माहेरच्या अंगणात फरशी घातली. आई म्हणून हात लावावा असं दुसरं काहीही साखराबाईंकडे उरलं नव्हतं. हे त्यांनी नवऱ्याला तीनदा सांगितलं.

"काही होत न्हाई. बघून बराबर परत लावू की," राधाकिसनराव म्हणाले.

"अन् तो निशिगंध?"

"ती भुजंगची चूक. कायदा म्हणजे कायदा."

भिंतीला सांगितलं असतं तर तिला पाझर फुटला असता. साखराबाईंनी बोलणंच सोडून दिलं.

चैत्रात गुलबक्षी वाळली, तिच्या काड्या वाऱ्यानं उडून गेल्या. पाणी द्यायचं नाही म्हटल्यावर राधाकिसनराव त्या कोपऱ्याकडे फिरकले नाहीत. द्यायचं असतं तरी फिरकले नसते. ज्येष्ठात अंजुमन आली. साखराबाईंनी सकाळीच लिंबाच्या सावलीत पाटलांसाठी बाज टाकून ठेवली होती. पाटील ऐसपैस बसले. अकरा पेले सरबत झालं. मग राधाकिसनरावांनी खुरपं उचललं, आणि झाड नेमकं कुठं होतं हेच त्यांना आठवेना.

त्यांनी तीन ठिकाणी उकरलं. नुसती माती.

"राधाकिसन, झाड तुझंच हाय का शेजाऱ्याचं?" पाटलांनी विचारलं. सगळे हसले.

राधाकिसनराव घामाघूम होऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "अगं, कुठं हाय ते? जल्दी सांग!"

साखराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना दया आली. दोन महिने हा माणूस कागदावर मोतमदाच्या सहीचा सराव करत होता. पण पाटलांनी चाकू आधीच मांडीवर काढून ठेवला होता.

"तुळशीच्या पल्याड, भिंतीजवळ," त्या म्हणाल्या.

भिंतीजवळ हातभर खोल खणलं तेव्हा लिंबाची एक मुळी निघाली. पाटलांनी वहीत लिहिलं, 'गुलबक्षी. मृत.' मोतमद भुजंगराव झाले. राधाकिसनराव दोन दिवस धड जेवले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी ताटावर बसून म्हणाले, "तुझ्या माहेरचं काहीच टिकत न्हाई."

हे फार लागलं. साखराबाईंनी ते गिळलं आणि आणखी एक भाकरी वाढली.

श्रावणात एका संध्याकाळी राधाकिसनराव जिनातून घरी आले आणि अंगणातच थबकले. अंजुमन आली त्या दिवशी बाज जिथं होती तिथं, गुडघ्याएवढ्या झुडपावर, अर्धी पिवळी अर्धी लाल फुलं उमलली होती.

"ही तर मेल्ती!"

"वहीत," साखराबाई म्हणाल्या.

राधाकिसनरावांचा चेहरा उजळला. ते तसेच मागे वळले. "पाटलाला बोलावून आणतो. वही दुरुस्त करावी लागंल. भुजंगला आता..."

साखराबाई अंगणाच्या दाराच्या चौकटीत आडव्या उभ्या राहिल्या. "बोलवा. उकरतील, धुतील, चिरतील, हुंगतील. मंग ती वहीत जिती होईल अन् इथं मरंल. माझी माय एकदा गेली. दुसऱ्यांदा मी बघणार न्हाई."

राधाकिसनराव झाडाकडे बघत राहिले. मग त्यांना बाज आठवली.

"तुला जागा माहीत होती."

"होती. पाटील वर बसून राह्यले होते."

ते पायरीवर बसले आणि एका पायातला जोडा काढला.

"मंग वहीत काय?"

"वहीत मेलेलीच राहू द्या. मेलेल्याला कोणी उकरून बघत न्हाई."

राधाकिसनरावांनी दुसराही जोडा काढला.