किल्ली खाली जाणाऱ्याच्या खिशात

मशीनखाली जो शिरेल, त्याच्याच खिशात ट्रॅक्टरची किल्ली, हा नियम ताईचा. कुणा विसरभोळ्याने वर बसून चुकून ट्रॅक्टर चालू केला तर, म्हणून. धाकट्या भावाने तो इमानेइतबारे पाळला होता. ट्रॅक्टरमागचा गवत कापायचा कटर उचलला की त्याखाली लाकडी ठोकळे लावायचे, हा नियमही तिचाच. तो मात्र त्याने नेहमीसारखा धाब्यावर बसवला.

"पात्याचा एकच नट आवळायचाय गं. तू ठोकळे आणेस्तोवर मी बाहेर असेन."

ताई शेडमधून ठोकळे घेऊन आली, तर कटर उचलून धरणाऱ्या लिफ्टच्या पाइपातून तेल गळत होतं आणि कटर गुपचूप खाली बसत होता. ती ओरडली. तो सरपटत निम्मा बाहेर आला. निम्माच. लोखंडी कड त्याच्या कमरेवर टेकली. पाय आत, पात्यांपाशी.

टिल्लू म्हणायचे त्याला. चांगला दारातून वाकून येणारा गडी. आता पांढराफटक पडला होता.

तिने कडेला धरून जीव खाऊन जोर लावला. चौघांना न हलणारं धूड ते, तिच्याच्याने काय हलतंय! ठोकळा फटीत शिरेना. तिने फोन केला, ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण ती पोचेपर्यंत हा टिकायला हवा ना? ट्रॅक्टर चालू करून लिफ्ट वर घ्यायची, दुसरा मार्गच नव्हता. आणि किल्ली त्याच्या खिशात, नेमकी त्या कडेखाली.

तिने बोटं आत कोंबली. सालटी निघाली, पण किल्ली निघाली.

"लाव ताई, लाव पटकन!"

ती सीटवर चढली आणि थबकली. कटर फिरवायचा लिव्हर जुना, खिळखिळा. चालू आहे की बंद, हाताला कळायचंच नाही. चालू असला तर ट्रॅक्टरबरोबर पातीही फिरणार.

"तू कटर बंद केला होतास ना?"

"केला होता. तुझी शप्पथ!"

तिच्या शपथा तो लहानपणापासून खात आला होता, खऱ्याही आणि खोट्याही. ती खाली उतरली. ट्रॅक्टरचा जोर कटरला पोचवणारा शाफ्टच काढून टाकला की पाती फिरायचा प्रश्नच नव्हता. एक खटका दाबायचा आणि शाफ्ट ओढायचा, एवढंच. पण खटका गंजून बसला होता. त्याला ग्रीस लावायचं काम तिचं, आणि या मोसमात तिने आज करू, उद्या करू म्हणत चालढकल केली होती.

ती पान्याने खटक्यावर घाव घालत सुटली. भाऊ आधी हातापाया पडला, मग शिव्या द्यायला लागला.

"मारतेस का मला? लाव ना गं!"

मग त्याने आईला हाक मारली, आणि गप्प झाला. ती रडत होती, तरी हात थांबले नाहीत.

खटका सुटला. शाफ्ट ओढून तिने बाजूला फेकला आणि किल्ली फिरवली. ट्रॅक्टरच्या मागचा, शाफ्ट बसायचा तो मोकळा खुंट गरागरा फिरायला लागला. म्हणजे लिव्हर चालूच होता. 

लिफ्ट वर घेतली तसा कटर उचलला गेला. तिने भावाच्या काखेत हात घालून त्याला फरफटत पार शेडच्या सावलीपर्यंत आणलं. पाय धड होते, कुठे ओरखडासुद्धा नव्हता. त्याने डोळे उघडले तशी ती एकदम हसायला आणि रडायला लागली.

"वाचलास रे, गाढवा! वाचलास!"

"ताई," तो कसाबसा म्हणाला, "अजून थोडं ओढ ना. पाय आतच राहिलेत माझे."

त्याचे दोन्ही पाय तिच्या गुडघ्याला लागून सरळ पसरलेले होते. तिने एका पायावर हात ठेवला, मग दाबला, मग जोरात चिमटा काढला. तो तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.

"ओढते हं," ती म्हणाली.