पाय उचलणारी काठी

मी एक काठी आहे. हातात धरायची नव्हे, छपराखाली आडवी बांधायची. माझ्या लवचीकपणावर खाली लाकूड फिरतं आणि कातलं जातं.

दाट झाडीत वाढल्याने मी उंच झाले, पण अंगाने भरले नाही. वखारीत एका कुंपणवाल्याने मला वाकवून पाहिलं. "ही कसली टिकतेय?" म्हणत त्याने मला कोपऱ्यात भिरकावलं. तिथेच धूळ खात पडले.

एके दिवशी एक शिंपीण आली आणि मला घरी घेऊन गेली. तिचे सासरे जुने कातारी, लाकूड फिरवत त्याला गोल आकार देणारे. खुर्च्यांचे पाय घडवण्यात त्यांचा जन्म गेला होता. पण अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा पाय लुळा पडला. तो खाली दाबता येई, उचलता मात्र येत नसे. व्यायामाचं नाव काढलं की म्हातारा भिंतीकडे तोंड फिरवी. "रिकामा पाय हलवून काय मिळणार?"

"मग रिकामा नको," सून म्हणाली. "तुमच्या वडिलांकडे पायाने चालवायचं यंत्र होतं ना? तसं उभं करू. मला फक्त सांगा."

"तुला शिवणयंत्रापलीकडे काही जमायचं नाही," ते पुटपुटले, पण उठून बसले.

घरामागच्या शेडमध्ये दोघं कामाला लागली. दोन जाड ठोकळे समोरासमोर बसवले, त्यांच्या लोखंडी टोकांमध्ये ओलं लाकूड अडकवलं. माझा बुंधा तुळईला बांधला. शेंड्याला बांधलेली दोरी लाकडाला वेढा देऊन खालच्या पायपट्टीला आणली.

"बाबा, काठी बारीक नाही ना झाली?"

"बारीकच हवी. जाड काठी दाबायला मी पाय कुठून आणू?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला मी हवी तशी वाटले.

पहिल्या दाबाला दोरी घसरली. सासऱ्यांनी पटाशी आपटली आणि आत निघाले. सुनेने वाट अडवली नाही. ती खाली बसून दोरी पुन्हा गुंडाळू लागली.

"उलटा वेढा देतेस," ते दारातूनच म्हणाले आणि परत फिरले.

या वेळी त्यांनी लुळ्या पायाने पायपट्टी दाबली. मी वाकले, लाकूड फिरलं, पटाशीखालून पहिली ढलपी निघाली. मग मी सरळ झाले आणि पायपट्टीबरोबर तो पायही वर आणला. ते आपल्या पायाकडे बघतच राहिले.

"उचलला गं," ते हळूच म्हणाले.

सून पदराने तोंड पुसत राहिली.

त्यानंतर ते रोज माझ्यापाशी येऊ लागले. स्टुलं झाली, भोवरे झाले. आता ते भिंतीला न धरता फाटकापर्यंत जातात.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला सोडवलं आणि माझ्या जागी जाड काठी बांधली. माझा जोर आता त्यांच्या पायाला पुरत नाही. मला वाईट कसं वाटेल? याचसाठी तर मी वाकत होते. मला घरी आणणाऱ्या त्या माउलीची मी ऋणी आहे. एवढंच मागते, काम संपलं की नव्या काठीची दोरी सैल करत जा. तिलाही पाठ असते.