पायाशी टांगलेला बाण

वॉर्डात तिला सगळ्या जणी ‘प्रश्नपत्रिका’ म्हणत. मीटिंग कधी संपते याची बाकीच्या नर्सेस वाट बघत असत आणि नेमका तेव्हाच या बयेचा हात वर जाई. त्या दिवशी तिने विचारलं, "दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या वहीत आहेत. मग सहा नंबरच्या आजींची पाठ पडून पडून लाल कशी?"

ड्युटी संपताना सगळ्या सह्या एका दमात ठोकल्या जातात, हे उघड गुपित होतं. तीही ठोकत होतीच, आणि तेच तिला आतून खात होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पुठ्ठ्याची तबकडी कापली. त्यावर खिडकी, छत, दार असं लिहून फिरता बाण बसवला, खाली पुढची वेळ लिहिली आणि ती आजींच्या पायाशी टांगली. आता आजींचं तोंड कुठे हवं नि उशीर झालाय का, हे येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही दिसणार होतं.

"आमच्या चहाड्या करायला पुठ्ठा नेमलास होय?" थोरल्या सिस्टर कडाडल्या. त्यांची नोकरी चोवीस वर्षांची. त्यांच्या आवाजाने सलाइनसुद्धा वेळेवर ठिबकायचं.

"पहिली चहाडी माझीच करेल तो, सिस्टर."

मेट्रन मॅडमनी मधला मार्ग काढला, म्हणजे तिलाच कोंडीत पकडलं. पहिल्या सहा खाटा, एक महिना. महिन्याअखेरीस एक जरी पाठ लाल दिसली, तर पुठ्ठे कचऱ्यात आणि प्रश्नपत्रिका कायमची रेकॉर्ड रूममध्ये. पेशंटशिवाय नर्स! तरी तिने होकार दिला.

पहिला आठवडा सगळ्यांची तोंडं फुगलेली. मग वॉर्डातल्या मावशीच हाका मारू लागल्या, "सिस्टर, चार नंबरचा बाण अजून खिडकीतच बसलाय हो!"

अठ्ठाविसाव्या दिवशी दुपारी एकदम पाच नवे पेशंट आले. त्या धांदलीत सहा नंबरची वेळ टळली. तिला आठवलं तेव्हा पाऊण तास उलटला होता. ती धावत सुटली, पडदा सारला, तर थोरल्या सिस्टर घामाघूम होऊन आजींच्या पाठीला उशी लावत होत्या. बाण केव्हाच दाराकडे वळला होता.

"बघतेस काय? उशी धर," त्या खेकसल्या.

महिना भरला. मेट्रन मॅडमनी टॉर्च लावून सहाही पाठी तपासल्या. कुठे डाग नाही, आजींची लालीसुद्धा गेलेली. टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशींनी तर चक्क शिट्टी मारली. "उद्यापासून सगळ्या खाटांना लावा," मॅडम म्हणाल्या.

"थांबा मॅडम," थोरल्या सिस्टरचा आवाज प्रथमच खाली आला होता. "न बदललेल्या कुशींच्या सह्या मी वर्षानुवर्षं केल्यात. लाज वाटते मला."

"मीपण," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक. मग आणखी.

मेट्रन मॅडमनी चष्मा काढला. "मीसुद्धा. या खुर्चीत येण्याआधी."

प्रश्नपत्रिकेला रडू फुटलं, आनंदाचं, मोठ्याने. ते पुसायलाही सवड न देता थोरल्या सिस्टरनी तिला हाताला धरून सात नंबरकडे नेलं. "उद्या कशाला? चल, तिकडून धर," त्या म्हणाल्या, आणि दोघींनी मिळून सात नंबरच्या बाईंना अलगद वळवलं.